काडेपेटीतली दोन माणसं

डोंगरकड्याच्या सत्यभामाबाईला कशाचाच संशय आला नाही असा दिवस सहसा उगवत नसे, आणि उगवलाच तर तिला त्या दिवसाचा संशय यायचा. दूधवाल्याच्या मापाला पोचा कुठं आहे, गिरणीवाला आपल्या ज्वारीत कोणाचं पीठ मिसळतो, शेजारची साधना वाटीभर साखर मागायला येते ती साखरेसाठी की चुलीवर काय चढलंय ते बघायला, या सगळ्याची तिला खडान्‌खडा खबर असे. गावातल्या बाया पाठीमागं तिला सीआयडी म्हणत. हे नाव गल्लीतल्या शालूबाईनं ठेवलं असावं असा तिचा संशय होता, आणि तो खरा होता.

तिला हसणं सोपं आहे. पण ती मेंढपाळाची लेक. शिरड शहापूरच्या माळावर बापाच्या मेंढरांमागं वाढलेली. ज्याच्या कळपावर लांडग्याचा, चोराचा आणि व्यापाऱ्याचा असा तिघांचा डोळा, त्याच्या घरात भोळं माणूस टिकत नाही. बाप सांगायचा, "बाई, मेंढरू मान खाली घालून चरत आसंल तर त्याची फिकीर करू नको. मान वर करून उगं उभं ऱ्हायलं, की उठून जाऊन बघ." बापाचं हे शहाणपण तिनं सासरी आणलं आणि माणसांना लावलं. माणसं त्यात वरचेवर सापडत गेली, म्हणून तिचा त्यावरचा विश्वास वाढतच गेला. विश्वास म्हणून काय तो तेवढाच.

नवरा मात्र असा मिळाला की त्याच्यावर नजर ठेवायची सोयच नव्हती. नामाजी रेल्वेत गेटमन होता. वसमतकडं आडरानात एक फाटक होतं, तिथं त्याची बावीस वर्षं गेली. गाडी यायची वेळ झाली की फाटक लावायचं, हिरवं निशाण धरून उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं. फाटकाला लागून एक क्वार्टर. तो राहायचा तिथं आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. सत्यभामाबाई इकडं सासूजवळ. तीन एकर रान, दोन म्हशी आणि दिपक नावाचं एक लेकरू सांभाळत. पुढं लाइन रुंद झाली, फाटकाखालून रस्ता काढला, फाटक गेलं, क्वार्टर पाडलं. नामाजीची बदली झाली, मग तो रिटायर होऊन घरी आला. नवरा आता डोळ्यांसमोर राहील, जिवाला आराम पडेल, असं तिला वाटलं होतं. सहा वर्षं तसा पडलाही.

मग यंदाच्या उन्हाळ्यात मेंढरानं मान वर केली.

झालं असं, की दिपक सुट्टीत संभाजीनगरहून आला तेव्हा आपल्या पोरीसाठी, साक्षीसाठी, सेलवर चालणारी आगगाडी घेऊन आला. गोल रूळ, एक इंजिन, तीन डबे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, साक्षीचे दोनच झाले. जाताना गाडी इथंच राहिली. आठवड्याभरात नामाजीनं कडब्याची खोली झाडून घेतली आणि दुपारचा तो आत जाऊन कडी लावू लागला.

घरात माणसं दोन, आणि त्यातला एक कडी लावतो. सत्यभामाबाईला दुसरं काय लागतं?

त्यात घरातून वस्तू जाऊ लागल्या. आधी मैद्याची चाळणी गेली. ती सापडली कडब्याच्या खोलीबाहेर, काळ्या मातीनं भरलेली. मग वेलावर वाळत ठेवलेली घोसाळी गेली, बियांसकट. दिपकच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका ट्रंकेत होत्या, त्या गेल्या. हॉटेलवाला बंटी तिला रस्त्यात गाठून म्हणाला, "काकू, काका रोज चहाचा चोथा नेऊन राहिले पिशवीत. काही दवाई सांगितली का कोनी?" ती म्हणाली, "व्हय, झाडाला घालतेत," आणि घरी येऊन तिनं अंगणातलं एकूण एक झाड पाहिलं. एकाच्याही बुडात चोथा नव्हता. आरागिरणीवरून लाकडाचा भुसा आला. एक दिवस तर तो उकंडराव मेंढपाळाकडून पोतंभर लोकर घेऊन आला. हल्ली लोकरीला कुत्रं विचारत नाही, मेंढपाळ ती कातरून फेकून देतात. तरी नामाजी ती डोक्यावरून आणत होता, आणि तोंडावर असा भाव की जणू आहेराची साडी.

शालूबाई म्हणालीच, "लोकर न् केस गोळा करणाऱ्या मानसाचं काय खरं न्हाई बाई."

"तुमच्या घरचे काय गोळा करतेत ते बघा आधी," सत्यभामाबाई म्हणाली, पण तिचं मन खाली बसेना. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यात ती काडेपेटी. नामाजीनं बिडी सोडून बारा वर्षं झाली होती, देवाची काडेपेटी देवळीत असते, मग याच्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी कशाला? धुवायला सदरा टाकताना तो ती आठवणीनं काढून घ्यायचा. एकदा तर न्हाणीत जाताना मुठीत घेऊन गेला. आंघोळीला काडेपेटी नेणारा माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आषाढातल्या एका दुपारी तिनं दाराच्या फटीला डोळा लावला. नामाजी गुडघ्यांवर बसला होता आणि चाळणीनं कशावर तरी माती भुरभुरत होता. मध्येच फुंकर घालत होता. तिनं दार खडखडावलं ते कडी निघेपर्यंत.

आत जुन्या दाराच्या दोन फळ्या जोडून टेबलाएवढं मैदान केलेलं होतं. त्यावर साक्षीच्या गाडीचे रूळ. एका बाजूला टेकडी. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कापून, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून केलेली. पट्ट्या वाळून टणक झाल्या की वर खळीचा हात, आणि खळ ओली असताना चाळलेली माती. जिथं नांगरलेलं रान दाखवायचं तिथं वाळवलेला चहाचा चोथा, ओळीनं. रुळांखाली चाळून घेतलेली मुरमाची बारीक खडी. हिरव्या रांगोळीत आणि रंगात घोळवलेला भुसा म्हणजे गवत. कपाशीच्या पऱ्हाटीच्या वाळक्या फांद्या झाडांची खोडं झाल्या होत्या, त्यांवर घोसाळ्याच्या जाळीचा पाला. खराट्याच्या काड्यांचे तारेचे खांब आणि त्यांवरून शिलाईचा दोरा.

"यंदा लक्ष्म्यांपुढं आरास करावं म्हनलं," नामाजी मान न वळवता म्हणाला. "मोबाइलवर दाखवतेत, तिकडं लोकं या डोंगरा-झाडांवर लई पैसा घालतेत. आपल्याला काय लागतं? निम्मं उकिरड्यावरच हाय."

मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, मुखवटे बसवून, साड्या नेसवून दोघी बहिणी उभ्या करतात आणि पुढं आरास मांडतात. संध्याकाळी गावातल्या बाया हळदीकुंकवाला येतात आणि आरास बघून, नावं ठेवून जातात. कडी लावायचं कारण मिळालं होतं. दुसरी एखादी बाई ओटीवर जाऊन बसली असती. सत्यभामाबाई वाकली आणि तिनं मैदान बारकाईनं पाहिलं.

रुळांना आडवा रस्ता. रस्त्यावर आइस्क्रीमच्या काडीचं, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं फाटक. फाटकाशेजारी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं क्वार्टर. आणि क्वार्टरच्या दारात, आगकाडीला ज्वारीच्या धांड्याचा गर लावून केलेली, बोटाच्या पेराएवढी एक बाई बसलेली होती. अंगावर हिरव्या चिंधीचं लुगडं, केस मोकळे.

 ती बाई सत्यभामाबाईनं आधी पाहिली होती.

तीस वर्षं होऊन गेली होती त्याला. तिचा मावसभाऊ हनुमान तेव्हा गावोगाव मेंढरांचं औषध विकत हिंडायचा. एकदा बाळापूरच्या बाजारात भेटला तर इकडंतिकडं बघून म्हणाला, "बाई, सांगू नये, पर दाजी तिथं एकटे न्हाईत. वट्यावर लुगडं वाळत हुतं." चार रात्री तिनं कड बदलत काढल्या आणि पाचव्या दिवशी त्याच्या फटफटीवर बसून निघाली. सासूला सांगितलं, माहेरी जाते. फाटकापासून हाकेच्या अंतरावर एका बाभळीखाली फटफटी थांबली, कारण फाटक लागत होतं, मालगाडी येत होती. आणि तिथून तिला दारातली ती बाई दिसली. हिरवं लुगडं, ओले मोकळे केस, सुपात तांदूळ घेऊन निवडत बसलेली, निवांत. परक्याच्या दारात बाई अशी बसत नाही. मालगाडी धडधडत मध्ये आली, आणि तिचे डबे संपायच्या आत सत्यभामा हनुमानला म्हणाली, "वळव गाडी."

तिनं हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. विचारलं आणि त्यानं हो म्हटलं, तर लेकराला घेऊन कुठं जायचं? आणि नाही म्हटलं, तर खरं कशावरून? म्हणून तिनं ते गिळलं. ते काही पचलं नाही. तिथून पुढं तिला दूधवाल्याचा, गिरणीवाल्याचा, साऱ्या जगाचा संशय येत राहिला, कारण ज्याच्याबद्दल विचारायचं त्याला ती विचारू शकत नव्हती. हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

आणि आता तीच सटवी तिच्या घरात, तिच्या लक्ष्म्यांपुढं बसणार होती. गावातल्या पन्नास बाया वाकून बघणार, विचारणार, ही कोण. म्हणजे लक्ष्म्या यायच्या आत तिला कळायला हवं होतं की आपला संसार आपला एकटीचा होता, की निम्मा.

तरी तिनं त्या दिवशी विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी सवय. तिनं टेकडीच्या पायथ्याला लावलेलं लोकरीचं एक झुडूप बोटांनी दाबून पाहिलं. रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसला होता, मध्ये मळकट पांढरं.

"लोकर धुतली व्हती का?"

"धुतली की. पान्यानं."

"पान्यानं," ती म्हणाली. "लोकरीला तेल आसतंय अंगचं. रिठ्याच्या पान्यात दोनदा काढल्याबिगर रंग धरत न्हाई ती. येवढंबी ठावं न्हाई न् निघाले डोंगर कराय."

दुसऱ्या दिवशी तिनं परातीत रिठे भिजवले.

ती आत शिरली ती पाळत ठेवायला, हे खोटं नाही. पण वाईट काम तिला बघवत नसे, हेही खोटं नाही. रिठ्यानं धुतलेली लोकर सावलीत वाळवून, पिंजून, तिनं तीन हिरव्यांत रंगवली. कडुलिंबाचा गडद, बोरीचा फिका, आणि पावसाआधीच्या गवताचा पिवळसर, त्यात घरची हळद. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मऊ, ती लांबच्या झाडांना. म्हाताऱ्या मेंढीची राठ, ती काटेरी झुडपांना. नामाजी तिच्याकडं बघत राहायचा. आयुष्यात पहिल्यांदा ती दोघं रोज दुपारी एका खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून काम करत होती. दोघांनाही ते आवडत होतं आणि दोघांपैकी कोणी तसं बोलत नव्हतं.

आडून आडून ती विचारायची. "हितं वट्यावर दोन बाजा काहून?"

"व्हत्या दोन."

"सैपाक कोन करायचं?"

"व्हायचा सैपाक," तो म्हणायचा आणि खळीची वाटी पुढं ओढायचा.

खाई त्याला खवखवे. तिनं मनाशी ते पक्कं केलं. अजून एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. फाटकापासून लांब, रस्त्याच्या कडेला, जिथं गाडी बघणाऱ्याचं लक्षही जाणार नाही, तिथं नामाजी एका बाभळीवर चार दिवस खपला होता. पऱ्हाटीचं नेमकं वाकडं खोड शोधून आणलं, तिच्या हातून फुलांसाठी हळदीची लोकर मागून घेतली. इतक्या कोपऱ्यातल्या झाडाला एवढं लाडावून ठेवायचं कारण काय? आणि झाडाखाली मात्र मोकळी जागा सोडली, तिथं गवताचा भुसासुद्धा नाही. मग हात पुसून तो खिशातली काडेपेटी चाचपायचा.

लक्ष्म्यांना चार दिवस राहिले. सून दिपाली आणि साक्षी दुसऱ्या दिवशी येणार होत्या. मग घरात माणसांचा राबता, बोलायला जागा उरणार नव्हती. सत्यभामाबाई लोकरीचं शेवटचं झुडूप चिकटवत होती. तिनं ते चिकटवलं, बोट पदराला पुसलं आणि सरळ त्या बाईवर ठेवलं.

"ही कोन?"

"नीलाबाई," नामाजी म्हणाला, इतक्या सहज की तिला राग आला.

"कोन नीलाबाई?"

"शंकरसिंगची बायको. दुसरा गेटमन. दिवसपाळी माझी, रातपाळी त्याची. क्वार्टर एकच व्हतं, त्ये कुटुंब आत ऱ्हायचं, मी वट्यावर पडायचो. भाकरी तीच टाकायची तिघांची. दादा म्हनायची मला."

"मंग हे कधी सांगितलं काहून न्हाई?"

"तू कधी इचारलं काहून न्हाई?"

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मेंढरू मान खाली घालून चरत होतं. पण तीस वर्षांचा संशय एका वाक्यानं जातो थोडाच. शंकरसिंग कुठं आहे, बाई कुठं आहे, फोन नंबर मिळेल का, असे चार प्रश्न तिच्या ओठावर आले होते. तेवढ्यात नामाजीनं खिशात हात घातला.

"आता तू माझं येक सांग," तो म्हणाला आणि त्यानं काडेपेटी उघडली.

आत कापसावर दोन माणसं निजवलेली होती. एक बाई, जांभळ्या चिंधीच्या लुगड्यातली. एक बाप्या, तोंडाला पांढरं फडकं गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे.

सत्यभामाबाईला आधी कळलं नाही. मग लुगडं ओळखू आलं. फाटकावर गेली त्या दिवशी तिच्या अंगावर तेच होतं, त्याच्या आदल्या दिवाळीला नामाजीनंच आणलेलं. आणि हनुमान धुळीचा म्हणून तोंडाला टॉवेल बांधून गाडी चालवायचा.

"बाभळीखाली हुते दोघं," नामाजी म्हणाला. त्याची नजर रुळांवर. "माझ्या हातात निशान, मालगाडी तोंडावर आलेली. जागचं हलता येत न्हवतं. गाडी गेली आन् बघतो तर धुरळा. बावीस सालं त्या फाटकावर हुतो, कंदी गाडीच्या वेळंला डोळं झाकलं न्हाई. त्या दिवशी वाटलं, झाकलं आसतं तर बरं झालं आसतं."

"आन् इतकी सालं…"

"इचारलं आसतं, आन् तू खरं सांगितलं आसतं, तर? पंधरा पंधरा दिस मी घरी न्हाई. कोनत्या तोंडानं इचारू? घर मोडायचं का इचारून?" तो थांबला. "आता म्हातारा झालो. आता सांगितलं तरी चालतंय. कोन हुता त्यो?"

सत्यभामाबाई उठली. इतका संताप तिला कधी आला नव्हता. ज्या बाईनं सगळ्या गावाची झडती घेतली, तिची झडती हा माणूस तीस वर्षं घेत होता, तिच्या हातची भाकरी खात, तिच्याशेजारी निजत, आणि तिला, तिला, पत्ता लागला नव्हता.  कडी वाजवून ती बाहेर पडली.

चुलीपुढं बसल्यावर राग उतरला आणि खालून भीती वर आली. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तो माझा भाऊ होता? हनुमान सहा वर्षांखाली वारला, साक्ष द्यायला तो नाही. सासू नाही. आणि बहीण-भाऊ होते तर लपून का आले, पळून का गेले, याला उत्तर एकच होतं: मी तुमच्यावर पाळत ठेवायला आले होते. तेवढं सांगूनही त्यानं विश्वास का ठेवावा? असं नुसतं उत्तर समोर आलं तर संशयी माणूस त्याचं काय करतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिनं आजवर कोणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. आत्ता तासाभरापूर्वी, नीलाबाईच्या वेळी, ठेवला नव्हता. आणि आता तिला तोच मागायचा होता. तिला रडू आलं आणि तिनं ते धुरावर ढकललं, चूल गॅसची असताना.

दुसऱ्या दिवशी सून-नात आल्या. दोघं नवरा-बायको घरात वावरत होती, बोलत होती, पण ती आपली दिपालीमार्फत: "बाबांना म्हनावं फळ्या आत आना." "आजीला म्हनावं जरा बाजूला सरका." लक्ष्म्या आल्या, बसल्या. फळ्या त्यांच्यापुढं मांडल्या, खालून साड्यांचा पडदा सोडला. पडद्यामागं पाटावर बसून नामाजी गाडीचं बटण दाबणार आणि दोऱ्यानं फाटक वरखाली करणार होता. बाभळीखाली मोकळी जागा तशीच होती. काडेपेटी त्यानं फळीच्या कडेला ठेवून दिली होती, उघडी.

पूजेच्या दिवशी पुरणावरणाचं जेवण झालं. तिसऱ्या प्रहरी घरात कोणी नसताना सत्यभामाबाईनं वाटीत मैद्याची थोडी खळ केली. जांभळ्या लुगड्यातली बाई उचलली, तिच्या पायाला खळ लावली आणि बाभळीखाली उभी केली. तिच्याशेजारी टॉवेल बांधलेला बाप्या. बाप्या दोनदा पडला. तिसऱ्यांदा उभा राहिला.

संध्याकाळी बाया आल्या. खोली भरली. नामाजी पडद्यामागं गेला, फाटक खाली आलं, गाडी टेकडीमागून निघाली आणि लोकरीच्या झाडांतून गोल फिरू लागली. बायांनी तोंडात बोटं घातली. "आगं माय, हे काय चहाची पत्ती हाय व्हय?" साधना म्हणाली. "आन् हे घोसाळं." प्रत्येकीला आपापल्या उकिरड्यावरचं काहीतरी ओळखू येत होतं.

शालूबाईला मात्र झाडं बघायची नव्हती. तिचा डोळा थेट माणसांवर गेला.

"सत्यभामाबाई, त्या बाभळीखाली कोन वो? बाईमानूस दिसतंय. आन् ह्यो तोंड बांधलेला कोन संगं? काही लफडं हाय का काय?"

बाया हसल्या. सत्यभामाबाईच्या हातात कुंकवाचा करंडा होता. ती शालूबाईला उत्तर द्यायला वळली खरी, पण आवाज तिनं पडद्याच्या मापानं काढला.

"ती मी हाय," ती म्हणाली. "आन् त्यो माझा मावसभाऊ, हनुमान. शिरडचा. औषध इकायचा त्यो. साक्षीच्या आजोबानं तिकडं बाई ठेवली म्हनून मला वाटलं, तर चोरून बघाय गेल्ते मी त्याच्या गाडीवर. बघितलं, न् न बोलता माघारी आले. बाई शेजारच्याची हुती, हे मला आत्ता चार-पाच दिसांखाली कळलं."

हसू मध्येच थांबलं. कोणी म्हणालं, काय बाई गंमत करतेत. शालूबाईला गंमत वाटली नाही, तिचं तोंड उघडंच राहिलं. सत्यभामाबाईचे कान मात्र खोलीत नव्हते. गाडी फिरत होती. एक फेरा झाला, दुसरा झाला. पडद्यामागून काहीच आलं नाही. तिला वाटलं, संपलं. आपण असतो तर आपणही विश्वास ठेवला नसता.

तिसऱ्या फेऱ्याला गाडी थांबली.

"मंग फाटक उघडल्यावर याचं व्हतं ना आत," पडद्यामागून नामाजीचा आवाज आला.  "गाडी जाईस्तोवर नीलाबाईला चहा टाकाय लावला व्हता. घरची मानसं आली म्हनलं. दोन कप जास्तीचा."

 दिपालीनं साक्षीला उगाचच जवळ ओढलं. सत्यभामाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पन्नास बायांसमोर ते तिनं पुसलंही नाही. पण स्वभावाला औषध नसतं. खोटं बोलणाराला बारीकसारीक विचारलं की तो अडखळतो, हे तिला बापानं शिकवलं होतं.

"साखरेचा का गुळाचा?" तिनं पडद्याला विचारलं.

"गुळाचा," पडदा म्हणाला. "साखर सरली व्हती. फाटला त्यो. समदा सांडून दिला तिनं."

 सत्यभामाबाईनं करंड्यात बोट बुडवलं आणि शालूबाईच्या कपाळाला कुंकू लावलं. नीलाबाईचा नंबर तिनं कधीच कोणाला विचारला नाही.